वर्दळ वाचण्याची विद्या



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींनी मनाशी म्हटले असेल की, हा विषय काही आपल्यासाठी नव्हे. 'सायबर सुरक्षा स्पर्धांसाठी नेटवर्क रहदारी विश्लेषकाची उभारणी' असे लांबलचक नाव वाचून कोणीही दचकावे. तरीही आपण आलात, याबद्दल प्रथम आम्ही आपले आभार मानतो, आणि एक आश्वासन देतो. हा विषय आपल्या या लोअर परळला मुळीच परका नाही. तो कसा, हे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिल्या आहेत. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे, पाळीपाळीने झोपणारी. कोकणातून, घाटावरून आलेली. त्यांच्यापैकी अनेकांना अक्षरओळख नसे. गावाहून पत्र आले की ते खोलीतल्या एखाद्या शिकलेल्या माणसाच्या हाती जाई. तो ते वाचून दाखवी, उत्तर लिहून देई, मनीऑर्डरीचा फॉर्म भरी. कोणाची बायको आजारी आहे, कोणाचे शेत गहाण पडले आहे, कोणाच्या भावाने दगा दिला आहे, हे सगळे त्या एका माणसाला ठाऊक असे. तो वाचत होता म्हणून खोलीचा व्यवहार चालत होता. आणि वाचलेले तो पोटात ठेवत होता म्हणून त्याच्या हाती पत्रे पडत होती. आजच्या भाषणाचे सूत्र एवढेच आहे. बाकी सारा त्याचा विस्तार.

आता त्या पत्रांच्या जागी काय आले आहे ते पाहू. आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो, तिकीट काढतो, मुलाचा निकाल पाहतो. तेव्हा आपला निरोप अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र प्रवास करतो. इंग्रजीत त्याला 'पॅकेट' म्हणतात. आपण सरळ पाकीट म्हणू. एक पाकीट साधारणतः दीड हजार बाइटांपेक्षा मोठे नसते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि शिवाय 'पोर्ट' नावाचा एक क्रमांक असतो. पत्ता म्हणजे चाळीचे नाव आणि पोर्ट म्हणजे खोलीचा नंबर, असे समजावे. एकाच यंत्रावर अनेक सेवा राहतात. कोणते पाकीट कोणत्या सेवेच्या दारात टाकायचे हे त्या क्रमांकावरून ठरते. पलीकडे पोहोचल्यावर तुकडे पुन्हा क्रमाने जोडले जातात आणि निरोप पुरा होतो.

या ये-जा करणाऱ्या पाकिटांची नोंद ठेवणे, ती जोडून संभाषण उभे करणे आणि त्या संभाषणातून कोण काय करीत आहे ते ओळखणे, हे रहदारी विश्लेषकाचे काम. ही साधने जुनी आहेत. १९८८ साली अमेरिकेतील बर्कलेच्या प्रयोगशाळेत 'टीसीपीडंप' हे साधन तयार झाले. पाकिटे टिपून घेणे हे त्याचे काम, आणि आजही ते रोज वापरले जाते. १९९८ साली जेराल्ड कोम्ब्स यांनी 'इथिरिअल' नावाचे साधन लोकांना विनामूल्य खुले केले. २००६ पासून ते 'वायरशार्क' या नावाने जगभर चालते. एकेक पाकीट उघडून त्याचा थर न् थर त्यात पाहता येतो.

मग स्पर्धा कसली? तीही आपल्या ओळखीची आहे. लालबाग-परळच्या मैदानांवर कबड्डी पाहून मोठे झालेल्यांना ती समजावून सांगायला नको. सायबर सुरक्षेच्या स्पर्धांना 'कॅप्चर द फ्लॅग', म्हणजे निशाण पकडण्याचा खेळ, असे म्हणतात. लास वेगास येथील 'डेफकॉन' या मेळाव्यात १९९६ पासून असा खेळ खेळला जातो. आपल्याकडे केरळातील अमृता विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये 'इनसीटीएफ' ही स्पर्धा सुरू केली, आणि त्याच वर्षी गोव्यात 'नलकॉन' हा मेळावा सुरू झाला.

या खेळाचा सर्वांत चुरशीचा प्रकार म्हणजे हल्ला-बचाव. प्रत्येक संघाला एकसारखे एक यंत्र मिळते. त्यावर चार-सहा सेवा चालू असतात आणि प्रत्येक सेवेत मुद्दाम काही दोष ठेवलेले असतात. दर दोन-तीन मिनिटांनी आयोजकांचा तपासनीस येतो. तो साध्या गिऱ्हाइकासारखा वागतो. सेवेत एक गुप्त शब्द ठेवून जातो, तेच निशाण. पुढच्या फेऱ्यांत येऊन ते जागेवर आहे की नाही हे तो पाहतो. आपण दुसऱ्यांच्या सेवेतली निशाणे पळवायची, आपली राखायची आणि आपली सेवा एक क्षणही बंद पडू द्यायची नाही. कबड्डीत चढाई आणि पकड आलटून पालटून असते; येथे दोन्ही एकाच वेळी चालतात.

आणि यात एक खोच आहे. तपासनीस आणि चोर हे दोघेही एकाच दाराने येतात, आणि बहुतेक स्पर्धांत त्यांचे पत्ते आयोजक मुद्दाम झाकून टाकतात. त्यामुळे 'अमुक पत्त्यावरून येणाऱ्याला दार बंद' असे करता येत नाही. केले, तर चोराबरोबर तपासनीसही बाहेर राहतो आणि गुण जातात. म्हणजे माणूस कोण आहे हे विचारण्याची सोयच नाही. तो काय बोलतो आणि काय करतो यावरूनच त्याला ओळखायचे. येथे रहदारी वाचता आल्यावाचून गत्यंतर नाही.

आम्ही लोअर परळच्या एका दहा बाय सोळाच्या खोलीत संध्याकाळी काही मुलामुलींना घेऊन बसतो. कोणी डिप्लोमाला आहे, कोणी दिवसा नोकरी करून रात्री शिकतो. समोर काचेच्या उंच इमारती दिसतात. एके काळी तेथे गिरण्यांची धुराडी होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर भोंगे एकेक करून थांबले. या मुलांपैकी काहींचे आजोबा त्या गिरण्यांत साचेवाले होते. अशा या आमच्या मंडळींनी सराव-स्पर्धेसाठी रहदारी विश्लेषक उभा करायचे ठरवले. तो कसा उभा केला आणि त्यात आम्ही कोठे ठेचकाळलो, ते आता क्रमाने सांगतो.

पहिले काम टिपण्याचे. स्पर्धेच्या यंत्रावर टीसीपीडंप चालू करायचे आणि खेळाच्या वाटेने येणारे-जाणारे प्रत्येक पाकीट पूर्ण उतरवून घ्यायचे. नुसता वरचा पत्ता उतरवून भागत नाही. चोरी आतल्या मजकुरात असते. दर मिनिटाला नवी फाईल सुरू होईल अशी योजना करायची, म्हणजे मागचा मिनिट पुरा झाला की तो लगेच वाचावयास घेता येतो.

दुसरे काम वाहून नेण्याचे. वाचन त्या यंत्रावर करायचे नाही. ते यंत्र म्हणजे दुकान. तेथे गिऱ्हाईक उभे आहे, तेथे चोपड्या पसरून हिशेब करीत बसू नये. भरलेल्या फायली दुसऱ्या संगणकावर आणायच्या आणि वाचन तेथे करायचे.

या दोन कामांतच आमची पहिली फजिती झाली. फायली वाहून नेण्यासाठी जी वाट वापरली, तिच्यावरचीही पाकिटे आम्ही टिपत होतो. म्हणजे टिपलेली फाईल नेताना तिची पुन्हा नोंद होई, ती नोंद नेताना तिची आणखी नोंद होई. आरशासमोर आरसा धरावा तसा प्रकार. तासाभरात यंत्राची साठवण तुडुंब भरली, आमच्याच सेवा कोलमडल्या आणि शत्रूने बोटही न लावता आम्ही शेवटच्या क्रमांकावर गेलो. तेव्हापासून दोन नियम झाले: आपली स्वतःची ये-जा टिपणीतून वगळायची आणि नेलेल्या जुन्या फायली पुसत जायच्या. राखणदाराने दुकानाची जागा खाऊ नये.

तिसरे काम जोडण्याचे. सुटी पाकिटे क्रमाने लावून एकेक पुरे संभाषण तयार करायचे: हा असे म्हणाला, त्यावर सेवेने असे उत्तर दिले. ही संभाषणे एका कोठारात, म्हणजे डेटाबेसमध्ये, साठवायची. याकरिता आयती मोफत साधनेही आहेत. २०२२ साली अथेन्स येथे पहिली आंतरराष्ट्रीय सायबर सुरक्षा स्पर्धा भरली, तिच्यासाठी युरोपच्या संघाने 'ट्यूलिप' नावाचा विश्लेषक तयार केला आणि नंतर तो सर्वांना खुला केला. तो स्वतः 'फ्लॉवर' नावाच्या आधीच्या एका साधनावरून घडवलेला आहे. ज्या हत्याराने आपण स्पर्धा खेळलो ते प्रतिस्पर्ध्यांनाही देऊन टाकायचे, ही या क्षेत्रातली दानत आम्हांला फार मोलाची वाटते. आम्हीही तोच विश्लेषक उभा केला.

चौथे काम खुणा करण्याचे. हजारो संभाषणे डोळ्यांनी वाचणे माणसाला शक्य नाही. निशाणाचा साचा मात्र ठरलेला असतो. काही स्पर्धांत एकतीस अक्षरे आणि शेवटी बरोबरचे चिन्ह, असा. तो साचा यंत्राला सांगून ठेवला की, ज्या संभाषणातून निशाण आत आले त्याला एक खूण आणि ज्यातून बाहेर गेले त्याला दुसरी खूण आपोआप लागते. 'सुरिकाटा' नावाचे साधन जोडले की ओळखीच्या हल्ल्यांवरही खुणा होतात. शेवटी सेवांप्रमाणे आणि फेऱ्यांप्रमाणे ही यादी पडद्यावर मांडायची. त्यासाठी सर्व यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळलेली हवीत. नाहीतर कोणती घटना आधी आणि कोणती नंतर हेच कळत नाही.

एवढे झाले की यंत्राचे काम संपले. पाचवे काम वाचण्याचे, आणि ते माणसाचे. ते कसे असते याचे एक उदाहरण सांगतो.

त्या सराव-स्पर्धेत टिपणे जपून ठेवणारी एक सेवा होती. तिच्यातून आमची निशाणे चालली होती. गुणफलक ते दाखवत होता. पण जात होती कोठून? आमच्यातली एक मुलगी पडद्यासमोर बसली होती. तिने आरंभी चोर शोधलाच नाही. तिने पहिला अर्धा तास फक्त तपासनीस कसा वागतो ते पाहिले. तो येतो, नाव सांगतो, एक टिपण ठेवतो, एक जुने टिपण मागतो, एक निशाण घेतो आणि जातो. दर फेरीला तीच चाल. मग तिला एक संभाषण दिसले, त्यातून एकाच वेळी सात निशाणे बाहेर गेली होती. तिने ते उघडले. मागणाऱ्याने टिपणाच्या नावाच्या जागी दोन टिंबे आणि एक तिरपी रेघ लिहिली होती. संगणकाच्या भाषेत याचा अर्थ 'या कप्प्यातून एक पायरी वर चढ'. तो वर चढून दुसऱ्याच्या कप्प्यात शिरला होता, आणि आमची सेवा निमूटपणे त्याला कप्पे उघडून देत होती.

दोष सापडला. एका मुलाने घाईघाईने दुरुस्ती केली: ज्या नावात टिंब असेल ते नाव घ्यायचेच नाही. चोरी थांबली. पण दुसऱ्याच फेरीत आमची सेवा 'नादुरुस्त' ठरली. कारण तपासनीस स्वतः अधूनमधून टिंब असलेली नावे वापरत असे! मुलीने आधीच्या नोंदी दाखवल्या, तेव्हा दुरुस्ती बदलली: टिंब चालेल, पायरी चढणे चालणार नाही. आणि तेच संभाषण समोर ठेवून आम्ही इतर संघांच्या सेवाही तपासल्या; ज्यांनी दोष बुजवला नव्हता त्यांची निशाणे आम्हांला मिळू लागली. प्रतिस्पर्ध्याने आमच्यावर केलेला हल्लाच आमचा गुरू झाला.

या मुलीचे आजोबा त्या रात्री आमच्या खोलीत बसले होते. साचे खात्यात आयुष्य गेलेला माणूस. ते म्हणाले, "आमचंही असंच असायचं. खात्यात शेकडो साचे एकदम खडखडायचे. पण आपल्या साच्याचा आवाज बदलला की मान आपोआप वळायची. आधी रोजचा आवाज कानात बसावा लागतो."

मंडळी, आम्ही कित्येक पुस्तके चाळली, पण रहदारी विश्लेषणाची याहून सुटसुटीत व्याख्या आम्हांला आढळली नाही. नेहमीचे काय ते ज्याला ठाऊक नाही, त्याला वेगळे काय ते दिसत नाही. साधन चोर पकडत नाही. ते फक्त नजरेपुढे मांडते.

येथे कोणी शंका घेईल की, आजकाल सर्व निरोप कुलूपबंद असतात, मग वाचणार काय? शंका रास्त आहे. आज बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर सांकेतिक रूपात जातो. तो टिपला तरी दिसते ते फक्त पाकीट: कोठून आले, कोठे गेले, किती मोठे, किती वाजता. पूर्वी सेवेची खाजगी किल्ली असली की टिपलेला मजकूर मागाहून उघडता येई; आता प्रत्येक संभाषणाची किल्ली वेगळी आणि क्षणिक असते, म्हणून तेही बहुधा जमत नाही. आपल्या सेवेपुरता मजकूर वाचायचा तर तो आपल्याच दारात, कुलूप उघडल्यानंतर टिपावा लागतो. पण पत्र न उघडताही जुना पोस्टमन पुष्कळ ओळखीच. ज्या घरी महिन्याला एक पत्र यायचे तेथे रोज चार येऊ लागली, की त्या घरी काहीतरी घडले आहे हे त्याला कळे. बंद पाकिटांची संख्या, आकार आणि वेळ यांवरूनही सराईत नजर खूप काही सांगते.

आता हा खेळ सोडून खऱ्या जगाकडे वळू, कारण खेळात हरलो तर गुण जातात, पण तेथे माणसांची पुंजी जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांच्या आत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातूनही सुमारे अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक. चोरांनी केले काय? एटीएमची विचारणा एका मध्यस्थ यंत्रणेमार्फत बँकेच्या खऱ्या हिशेबापर्यंत पोहोचते आणि 'द्या' किंवा 'देऊ नका' असे उत्तर परत जाते. चोरांनी एक तोतया मध्यस्थ उभा केला. विचारणा हिशेबापर्यंत पोहोचेचना आणि तोतया परस्पर 'द्या' म्हणत राहिला. या प्रकरणी २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले.

आमच्या खोलीतल्या मुलांना हा वृत्तान्त सांगितला, तेव्हा एकाने तत्काळ विचारले, "मग बाहेर जाणारी उत्तरे आणि आत आलेले प्रश्न यांचा मेळ कोणी घातला नाही का?" घटनेनंतर शहाणपण सुचणे सोपे असते, हे आम्ही त्याला सांगितले. पण त्याचा प्रश्न बिनतोड होता. रहदारीचे वाचन म्हणजे अखेर असा मेळच. आणि हा प्रश्न वीस वर्षांच्या मुलाच्या तोंडी सहज यावा, हेच या स्पर्धांचे प्रयोजन आहे. आज तो सात निशाणांचा माग काढतो. उद्या तो एखाद्या बँकेत, रुग्णालयात वा वीज केंद्रात पहाऱ्यावर बसेल.

शासनालाही याचे महत्त्व पटले आहे. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार सेवा देणाऱ्यांनी व कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत आणि सायबर घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. पण नोंदी ठेवल्या आणि वाचणारा कोणी नसला, तर त्या रद्दीच्या गठ्ठ्यांसारख्याच.

शेवटी ज्या गोष्टीने आम्हांला सर्वांत अधिक विचार करायला लावले, ती सांगतो. विश्लेषक चालू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी एक मुलगा हळूच म्हणाला, "आपल्या मजल्यावर सगळे एकच वायफाय वापरतात. जरा त्याच्यावर लावून पाहू या का? नुसती गंमत." मुलगा वाईट नव्हता. हाती नवी दुर्बीण आली की शेजाऱ्याच्या खिडकीकडे वळण्याचा मोह कोणालाही होतो. आम्ही त्याला प्रथम कायदा सांगितला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरून अप्रामाणिकपणे माहिती काढणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. तो गप्प झाला. पण भीतीने गप्प झालेला माणूस पटलेला असतोच असे नाही.

तेव्हा आम्ही त्याला गावकीच्या खोलीतल्या त्या पत्र वाचणाऱ्याची गोष्ट सांगितली. त्या माणसाच्या हाती पत्रे देणाऱ्यांनी ती स्वतः होऊन दिली होती. त्याने कोणाचे बंद पाकीट चोरून उघडले असते, तर दुसऱ्या दिवसापासून त्याला कोणी पत्र दिले नसते. आणि मग वाचता येऊनही तो खोलीच्या काय उपयोगाचा? तो मुलगा बराच वेळ बसून राहिला. मग उठून त्याने खोलीच्या भिंतीवर एक ओळ लिहिली: 'ज्याने दिले त्याचेच वाचावे.' ती ओळ अजून आहे. आमच्या विश्लेषकाच्या उभारणीतले सहावे काम तेच, आणि खरे पाहता ते पहिले असायला हवे होते.

ज्या रस्त्याला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात, त्याला ज्यांचे नाव दिले आहे त्या नारायण मल्हार जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारांसाठी रात्रीच्या शाळा व वाचनालये चालवली. कामगाराला वाचता आले पाहिजे, म्हणजे त्याला कोणी फसवणार नाही, हा त्यामागचा विचार. आज अक्षरे आपण सारे वाचतो. परंतु आपल्या नावाने रात्रंदिवस जी पाकिटे धावत आहेत, त्यांच्या बाबतीत आपण पुन्हा निरक्षर झालो आहोत. ती वाचणारी मुले आपल्या घरांतून तयार झाली पाहिजेत. आणि जुन्या खोलीतल्या त्या माणसासारखी, वाचलेले पोटात ठेवणारी झाली पाहिजेत. आपल्या घरी असा मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर बसलेली दिसली, तर लगेच रागावू नका. काय वाचतोस, एवढे विचारा. आणि कोणाचे वाचतोस, हेही विचारा.